आधी काचपट्टी, मग प्रकाश: वाळूमाशीच्या व्रणावर लाल दिव्याचा उपचार

ताई, तुमचं पत्र सविस्तर होतं, म्हणून उत्तरही सविस्तरच देते. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी तुमची हकीकत थोडक्यात सांगते. तुम्ही पांढरकवड्याकडच्या एका गावात आशा म्हणून काम करता. धाकटा भाऊ आयटीआय करून दीड वर्ष बिकानेरकडे सोलार प्लांटच्या कामावर होता. दिवाळीला घरी आला तेव्हा डाव्या हातावर, मनगटापासून थोडी वर, एक पुटकुळी होती. तिचा आता रुपयाएवढा व्रण झालाय. कडा उचललेल्या, मध्ये घट्ट खपली, पण दुखत नाही. दोन मलमं झाली, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. एका डॉक्टरांनी नुसतं बघून ‘लेश्मानिया असावा’ म्हटलं, म्हणजे वाळूमाशी चावल्याने शिरणाऱ्या परजीवीचा आजार. मग एका खासगी केंद्रात ‘लाल प्रकाशाने पाच सिटिंगमध्ये जातो’ असं सांगून चाळीस हजारांचा आकडा दिला.

तुम्ही विचारता, हा उपचार खरा आहे की फसवणूक? खरा असेल तर भावाला द्यावा का? आपल्याकडे ऊन एवढं कडक, मग कुठलंही मलम लावून उन्हातच बसवलं तर? आणि घरातल्या लेकरांना लागण होईल का?

उपचार खरा आहे. भावाला द्यावा का, हे मात्र मी आज सांगू शकत नाही. तुमच्या चार पानांत एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे काचपट्टी. त्याच्या व्रणातला नमुना काढून कोणीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नाही. पाच महिने झाले, पैसे गेले, पोटात तीन कोर्स गेले, आणि आता चाळीस हजारांची गोष्ट चालली आहे ती एका अंदाजावर. मला राग येतो तो इथे. तुमच्यावर नाही, आमच्या डॉक्टरी व्यवसायावर.

अंदाज चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. बिकानेर हे नाव ऐकल्यावर माझ्याही मनात पहिला तोच आजार आला असता. थरच्या वाळवंटी पट्ट्यात, विशेषतः बिकानेरमध्ये, त्वचेचा लेश्मानिया अनेक वर्षांपासून आहे. तिथला परजीवी मुख्यतः लेश्मानिया ट्रॉपिका. पूर्वी इंग्रज लोक त्याला ‘दिल्ली बॉइल’ म्हणायचे. 1885 साली कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरने कलकत्त्यात अशाच फोडाच्या नमुन्यात हे जंतू पाहिले होते, पण ते नेमके काय आहेत हे तेव्हा उलगडलं नाही. आपल्या देशात हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आणि केरळच्या डोंगराळ आदिवासी भागातही हा आजार आढळतो. जगभर दरवर्षी सहा ते दहा लाख नवे रुग्ण होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

विदर्भ मात्र या नकाशावर नाही. वाळूमाशी आपल्याकडे आहे. चांदीपुरा हे नागपूर जिल्ह्यातलं गाव, तिथे 1965 साली सापडलेल्या विषाणूला त्याच गावाचं नाव मिळालं, आणि तो विषाणू वाळूमाशीच पसरवते. पण माशी आहे म्हणजे तिच्या पोटात लेश्मानिया आहे असं होत नाही. माझ्याकडे या आजाराचे जे थोडे रुग्ण आले ते सगळे बाहेरून आलेले: सीमेवर तैनातीला असलेले जवान, राजस्थानात कामाला गेलेले, एक-दोन आखाती देशांतून परतलेले.

म्हणूनच इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. आजार आपला नाही, त्यामुळे बहुतेक डॉक्टरांच्या तो ध्यानातच येत नाही. आणि ज्यांच्या येतो ते ‘राजस्थान’ शब्द ऐकला की बाकी सगळं विसरतात. आपल्याकडे भरून न येणारा, न दुखणारा व्रण म्हटला की त्वचेचा क्षयरोग असू शकतो, कुष्ठरोग असू शकतो, काट्याकुट्यातून आत शिरलेली खोलवरची बुरशी असू शकते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना टोचलेला काटासुद्धा वर्षभर छळतो. काही वर्षांपूर्वी सीमेवरून आलेल्या एका तरुणाच्या नाकावरचा व्रण मी क्षयाचा समजून दोन महिने औषधं दिली. कडेचा तुकडा तपासल्यावर लेश्मानिया निघाला. ते दोन महिने त्याने माझ्यामुळे फुकट घालवले. तेव्हापासून काचपट्टी बघितल्याशिवाय मी अशा व्रणाला हात लावत नाही.

ताई, ही काचपट्टी काही मोठ्या शहरातच होते असं नाही. कुष्ठरोगाच्या तपासणीत त्वचेला छोटा छेद देऊन जो नमुना घेतात, तो तुम्ही पाहिला असेल. चिमटीत त्वचा दाबून पांढरी करायची, पात्याने छोटी चीर द्यायची, चिरेच्या भिंतीवरून पातं फिरवून जो रस येतो तो काचेवर पसरवायचा. लेश्मानियासाठी हीच कृती. फरक दोन. नमुना मधल्या खपलीतून किंवा पुवातून नाही, तर उचललेल्या जिवंत कडेतून घ्यायचा. आणि रंग कुष्ठरोगाचा नाही, गीम्सा किंवा लेश्मनचा द्यायचा. ज्या तंत्रज्ञाचा हात कुष्ठरोगाच्या कामात तयार झालाय, तो हे सहज करू शकतो. विदर्भात असे हात आहेत, ही आपली जमेची बाजू. यवतमाळ किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवा, सेवाग्रामला दाखवा, आणि स्पष्ट शब्दांत सांगा: ‘बिकानेरला दीड वर्ष होता, एल.डी. बॉडी शोधायच्या आहेत.’ एल.डी. बॉडी म्हणजे काचेवर दिसणारे लेश्मानियाचे जंतू. हे वाक्य कागदावर लिहून न्या. प्रवासाची माहिती दिली नाही तर समोरचा माणूस ते शोधणारच नाही.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. व्रण जितका जुना, तितके जंतू कमी. पाच महिन्यांच्या व्रणात पहिली पट्टी कोरी आली तर ‘नाही’ असा निकाल धरू नका. मग कडेचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करायची, जमल्यास पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी. त्याच तुकड्यावर क्षय आणि बुरशीचीही तपासणी होते. सोबत साखर आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. प्रतिकारशक्ती कमी असेल तर उपचाराचा सगळा हिशेब बदलतो.

आता प्रकाशाकडे येते.

‘लाल दिव्याने जंतू मरतात’ असं त्या केंद्रात सांगितलं असेल तर ते अर्धंच सांगितलं. नुसत्या लाल दिव्याने काहीही मरत नाही. तसं असतं तर गणपतीच्या मांडवातल्या माळांखाली बसून सगळे बरे झाले असते. प्रकाश ही काडी आहे. पेटणारी वस्तू आधी तिथे नेऊन ठेवावी लागते.

बावचीचं उदाहरण तुम्हाला लगेच कळेल. कोडाच्या डागावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. नुसत्या तेलाने फारसं काही होत नाही, नुसत्या उन्हानेही होत नाही. दोन्ही एकत्र आले की त्वचा लाल होते, जास्त झालं की टरारून फोड येतात. दर उन्हाळ्यात असे भाजलेले दोन-चार जण माझ्याकडे येतातच. औषध एक आणि प्रकाश एक, काम दोघांचं मिळून. तत्त्व इथवर सारखं. पुढे वाट वेगळी होते. बावचीतलं द्रव्य अतिनील किरणांत थेट पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. आपण ज्या उपचाराबद्दल बोलतोय, फोटोडायनॅमिक थेरपी, त्यात तिसरा भिडू लागतो: प्राणवायू. औषध प्रकाश शोषतं, ती ऊर्जा जवळच्या प्राणवायूला देतं, आणि तो प्राणवायू क्षणभर असा खवळतो की लागून असलेलं सगळं जाळून टाकतो. त्याचं आयुष्य इतकं अल्प की एका पेशीची रुंदीसुद्धा तो ओलांडत नाही. म्हणून जिथे औषध पोचलं तिथेच जळतं, शेजारची चांगली त्वचा बरीचशी वाचते.

या शोधाची सुरुवातच एकपेशीय जीवांवर झाली, हे मला फार आवडतं. म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी अॅक्रिडिन नावाच्या रंगाचा पॅरामेशियमवर काय परिणाम होतो ते बघत होता. त्याच द्रावणात ते कधी लवकर मरत, कधी कितीतरी वेळ जगत. खोलीत उजेड किती होता, यावर ते ठरत होतं. त्याने ते 1900 साली प्रसिद्ध केलं. तीनच वर्षांनी, 1903 मध्ये, डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं.

आज या उपचारात बहुधा एएलए, म्हणजे अमिनोलेव्हुलिनिक आम्ल, किंवा त्याचाच भाऊ एमएएल हे मलम वापरतात. गंमत अशी की हे स्वतः प्रकाशाला दाद देत नाही. आपल्या पेशी रक्तातलं हीम बनवतात, त्या साखळीतला हा सुरुवातीचा कच्चा माल. तो बाहेरून भरपूर दिला की साखळी वेगाने चालते, पण शेवटच्या पायरीला लोह जोडायचं काम तेवढ्या वेगाने होत नाही. तिथे माल तुंबतो. त्या तुंबलेल्या मालाचं नाव प्रोटोपोर्फिरिन नऊ, आणि तो लाल प्रकाश पकडतो. मलम लावून तीनएक तासांनी काळोखात वूड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या तपासणीच्या दिव्याखाली, बघितलं तर तेवढाच भाग विटकरी-गुलाबी चमकतो. पहिल्यांदा बघणारा रुग्ण हात मागेच घेतो.

इथे एक प्रश्न कोणालाही पडावा. लेश्मानियाच्या जंतूकडे ही हीम बनवायची साखळी जवळपास नाहीच, तो तयार हीम आपल्या पेशीतून उचलतो. मग एएलए देऊन त्याच्यात काहीच तुंबणार नाही. मग तो मरतो कसा?

उत्तर आपल्या कपाशीत आहे. गुलाबी बोंडअळी तुम्ही बघितली आहे. फवारा बोंडावर पडतो, अळी आत सरकीत सुखरूप. म्हणून शेवटी कीडकी बोंडंच वेचून जाळायला सांगतात. लेश्मानिया तसाच आपल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशीत राहतो. जंतू गिळून पचवणं हे ज्या पेशीचं काम, तिच्याच पोटात हा घर करतो. एएलएमुळे माल तुंबतो तो त्या पेशींत आणि सुजलेल्या त्वचेत. प्रकाश पडला की बोंडच जळतं, अळी उघडी पडते, आणि मग शरीराची बाकी फौज तिचा समाचार घेते. उंदरांवरच्या प्रयोगांतूनही असंच दिसलं की थेट जंतूवर मारा होण्यापेक्षा त्याचं घर मोडणं इथे जास्त काम करतं. अमेरिकेत के. पी. चँग यांच्या गटाने उलटा डाव करून पाहिला. जंतूत नसलेली दोन जनुकं त्याच्यात घातली, मग तो एएलएपासून स्वतःच पोर्फिरिन बनवू लागला आणि उजेडात मेला. त्यातून लस करता येईल का, या दिशेने ते काम गेलं. तो प्रयोगशाळेतला प्रकार, तुमच्या भावाच्या उपयोगाचा नाही, पण घर आणि भाडेकरू यांतला फरक त्यातून स्वच्छ कळतो.

हे एवढं लांबण लावलं कारण उपचाराच्या मर्यादा यातूनच निघतात. जिथवर मलम झिरपलं आणि जिथवर लाल प्रकाश पोचला, तिथवरच काम होतं. ती खोली काही मिलिमीटरची. व्रण जाडजूड असेल, गाठी आत रुजलेल्या असतील, व्रणापासून वर दंडाकडे मण्यांसारख्या गाठींची ओळ गेली असेल, तर दिवा तिथे पोचत नाही. तुमच्या भावाच्या कोपरापासून काखेपर्यंत बोटं फिरवून बघा, अशी ओळ लागते का.

पुरावा काय? इराणमध्ये इस्फहानला झालेली एक चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. 60 रुग्ण, तीन गट. एका गटाला आठवड्यातून एकदा अशी चार वेळा ही प्रकाशचिकित्सा, दुसऱ्याला पॅरोमोमायसिन या अँटिबायोटिकचं मलम, तिसऱ्याला नुसतं औषध नसलेलं मलम. पूर्ण बरे झालेले व्रण अनुक्रमे 93.5, 41.2 आणि 13.3 टक्के. आकडा बघून हुरळून जावं असाच आहे. पण इस्फहानकडे प्रामुख्याने लेश्मानिया मेजर असतो, तो काही महिन्यांत आपोआपही भरून येतो. बिकानेरचा ट्रॉपिका चिवट आहे, वर्षभर किंवा त्याहून जास्त रेंगाळतो, आणि कधीकधी भरलेल्या वणाच्या कडेने वर्षांनी पुन्हा उमलतो. तेव्हा तिथला आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. उपचार उपयोगी आहे, पुरावा चांगला आहे, पण रुग्णांची संख्या लहान आहे, असं मी म्हणेन.

माझा स्वतःचा अनुभव दोन हातांच्या बोटांत मावणारा आहे. इतर आजारांसाठी मी हा दिवा वर्षानुवर्षं वापरते, लेश्मानियासाठी मोजक्या वेळा. एका जवानाच्या हातावर दोन छोटे व्रण होते. काचपट्टीवर जंतू दिसले होते. चार आठवडे, दर आठवड्याला एकदा. आधी ओल्या गॉजने खपली फुगवून काढायची, यात अर्धा तास जातो आणि या अर्ध्या तासावरच निम्मा निकाल अवलंबून असतो, कारण खपलीवर लावलेलं मलम खपलीतच राहतं. मग कडेच्या बाहेर बोटभर नाही, अर्ध्या-एक सेंटिमीटरपर्यंत मलम, त्यावर प्लास्टिक, त्यावर उजेड अडवणारी पट्टी, आणि तीन तास. मग पुसून, डोळ्यांना चष्मा देऊन, लाल एलईडी आठ-दहा मिनिटं. त्याला आधीच सांगितलं होतं की झोंबेल. तरी दुसऱ्या मिनिटाला तो म्हणालाच, “मॅडम, मिरचीचा ठेचा चोपडल्यावानी झोंबून राह्यलं.” टेबलफॅन लावला, थंड पाण्याचा फवारा मारला, मध्ये एकदा दिवा थांबवला. सीमेवर उभा राहणारा माणूस तो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखणं हा या उपचाराचा खरा दोष आहे, आणि जो तो लपवतो त्याच्याकडे जाऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तो भाग झाकून ठेवायचा, उन्हात काढायचा नाही. व्रण भरले, शेवटची पट्टी कोरी आली. कडेने एक काळसर वर्तुळ वर्षभर राहिलं. आपल्या सावळ्या त्वचेला ते राहतंच.

दुसरा रुग्ण कोपरावर जाड व्रण घेऊन आला होता. तीन सिटिंग झाल्या, वरचा भाग सुकला, आतली गाठ तशीच. मी हट्टाने चौथी केली. करायला नको होती. शेवटी त्याला व्रणात सुई द्यावी लागली तेव्हा बरं झालं.

त्यावरून पुढचा मुद्दा. प्रकाश हा एकमेव पर्याय नाही, आणि तुमच्या भावासाठी तो पहिलाही नसेल. सोडियम स्टिबोग्लुकोनेट नावाचं जुनं औषध व्रणाच्या कडेत टोचतात, आठवड्याच्या अंतराने. टोचताना दुखतं, पण अनुभव दांडगा आहे. द्रव नायट्रोजनने गोठवणं हा एक मार्ग. आणि एक उपचार मला तुमच्या भावासाठी विशेष सुचवावासा वाटतो: उष्णतेचा. भाग बधिर करून एका यंत्राने 50 अंश उष्णता 30 सेकंद, बहुतेकदा एकाच वेळेत काम. बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी याचे अभ्यास केले आहेत, आणि या व्रणाचे जेवढे रुग्ण त्यांनी पाहिलेत तेवढे आम्ही सात जन्मांत बघणार नाही. भाऊ परत कामावर जाणारच असेल तर पांढरकवडा ते नागपूर पाच फेऱ्या मारण्यापेक्षा तिथे जाऊन दाखवणं शहाणपणाचं. व्रण चारपेक्षा जास्त असतील, मोठे असतील, नाक-ओठ-पापणीवर किंवा सांध्यावर असतील, तर मात्र यातलं काहीच वरवर न करता पोटातून किंवा शिरेतून औषध द्यायचं का, हे तज्ज्ञाने ठरवायचं.

उष्णतेचं वाचून कोणी घरी तापलेला विळा लावू नये. मेळघाटात लेकरांच्या पोटावर दिलेले चटके मी पाहिलेत. यंत्राचे 50 अंश मोजलेले असतात, लालबुंद लोखंडाचे मोजता येत नाहीत, आणि भाजलेल्या जागेखाली जंतू तसेच राहतात.

आता तुमच्या उन्हाच्या प्रश्नाकडे. तुम्हाला वाटलं असेल डॉक्टरीनबाई यावर नाराज होतील. उलट, सगळ्या पत्रात हाच प्रश्न मला सर्वांत चांगला वाटला. इस्रायलमध्ये नेमकं हेच करून पाहिलं आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 31 रुग्णांना एमएएल मलम लावून अर्धा तास झाकलं आणि मग अडीच तास दिवसाच्या उजेडात बसवलं. काहींना दवाखान्याच्या बागेत, काहींनी घरीच केलं. दर आठवड्याला असं, बरे होईपर्यंत. दहातले जवळपास नऊ बरे झाले. आणि झोंबणं बरंच कमी, कारण उजेडात औषध तयार होताहोताच थोडंथोडं खर्ची पडतं, एकदम साठून भडका उडत नाही. ज्या गावात दिवा नाही, वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हे फार मोलाचं आहे. विदर्भासारख्या भागात या पद्धतीचा नीट अभ्यास व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

पण तुम्ही लिहिलंय, ‘कुठलंही मलम लावून’. तिथे थांबा. त्या रुग्णांच्या व्रणावर एमएएल होतं, खोबरेल किंवा झेंडूचं मलम नव्हतं. ते मलम आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. एएलए मिळालं तरी ते पूड कालवून ताजंच वापरावं लागतं, कालवलेलं टिकत नाही. बावची लावून बसवलंत तर भाजेल आणि जंतू जिथल्या तिथे. बिब्बा किंवा रुईचा चीक तर नकोच, त्याने व्रणाची कड इतकी बिघडते की पुढे काचपट्टीवरही काही ओळखू येत नाही. शिवाय एप्रिल-मे मधलं आपलं ऊन म्हणजे उजेडासोबत 45 अंशांची काहिली. उघडा व्रण, घाम, धूळ, आणि त्यावर बसणाऱ्या घरमाश्या. उद्या कोणी हा उपचार इथे शास्त्रशुद्ध केलाच, तर तो हिवाळ्यातल्या सकाळी किंवा निंबाच्या विरळ सावलीत करायला हवा. लागतो तो उजेड. ऊन लागलंच पाहिजे असं नाही.

हाच दिवा खरूज, गजकर्ण, उवा यांवर चालतो का, असं तुम्ही जाताजाता विचारलंय. नाही. खरजेचा किडा त्वचेत बोगदा करून राहतो, त्याला पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत रात्रभर, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री. गजकर्ण तर परजीवीच नाही, बुरशी आहे. त्यावर स्टेरॉइडची मिसळ असलेली मलमं लावून लोकांनी जे हाल करून घेतलेत त्यावर वेगळं लिहावं लागेल. कोणी खरजेवर प्रकाशाचं पॅकेज विकत असेल तर तिथून निघून या. आणि फवारणीचं औषध डोक्याला किंवा अंगाला कोणी लावत असेल तर आशा म्हणून तिथे भांडण करावं लागलं तरी करा.

लेकरांचं सांगते. हात लावून, एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून हा आजार पसरत नाही. भावाला वेगळं काढू नका, त्याचं ताट वेगळं ठेवू नका. तुमच्या पत्रात ‘आई भांडी वेगळी घासते’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं, आईला हे वाचून दाखवा. फक्त वाळूमाशी चावूनच तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणून व्रण बरा होईपर्यंत, विशेषतः तिन्हीसांजेपासून सकाळपर्यंत, तो झाकलेला ठेवा. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, आवाज न करणारी, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येणारी. बारीक जाळीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी घ्या. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, गोठ्यातलं ओलं शेण-गवत घराला लागून साठू देऊ नका. चांदीपुरासाठीही हेच करायचं असतं, त्यामुळे ही मेहनत वाया जाणार नाही.

त्या केंद्राला फोन करायचाच असेल तर एवढं विचारा: काचपट्टी किंवा बायोप्सी न बघता तुम्ही सुरू करणार का? कोणतं औषध लावणार आणि किती तास ठेवणार? दिव्याची तरंगलांबी किती, कारण या औषधासाठी ती 630 नॅनोमीटरच्या आसपास हवी? शेवटी पुन्हा पट्टी बघणार का? पहिल्याच प्रश्नावर ‘गरज नाही’ म्हणाले तर पुढचे विचारू नका. औषधाचं नाव सांगता आलं नाही तर तो दिवा ब्युटी पार्लरचा आहे. सगळी उत्तरं नीट मिळाली आणि नमुन्यात लेश्मानिया निघाला, तर एकच छोटा, सांध्यापासून दूर असलेला व्रण म्हणून तुमचा भाऊ या उपचाराला योग्य ठरू शकतो. तरी पैशांचं बोलण्याआधी मेडिकल कॉलेजात विचारा.

उपचार कोणताही होवो, दर रविवारी त्याच उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून व्रणाचा फोटो काढा. तीन महिन्यांनी पूर्ण नवी त्वचा आली का ते बघायचं, आणि वर्षभर कडेवर लक्ष ठेवायचं. कडेने तांबूस पुरळ उमललं तर क्षय म्हणून औषध सुरू होण्याआधी ही जुनी पट्टी दाखवायची, म्हणून ती काच आणि रिपोर्ट घरी जपून ठेवा.

आणि एक काम तुमच्यातल्या आशाला सांगते. भाऊ सोलारच्या कामावर ज्या खोलीत राहायचा तिथे अजून कोण कोण होतं, त्याला विचारा. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं असतील तर त्यांचे नंबर घ्या. कोणाच्या हाता-पायावर, कानावर, गालावर असा न दुखणारा, न भरणारा फोड आहे का, एवढंच फोनवर विचारा. असेल तर त्याला माझ्याकडे किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजात पाठवा, आणि तो निघण्याआधी ‘बिकानेर’ हा शब्द त्याच्या चिठ्ठीवर लिहून द्या.